ऑस्ट्रेलियातल्या दुर्गम आदिवासी वस्त्यांवरची ख्रिस्ती युवा शिबिरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जुलैत आमच्या मराठी उपासना गटातले चार-पाच जण ॲडलेडहून मध्य ऑस्ट्रेलियात युवा शिबिराच्या मदतीला जातात. मी आजवर चारदा गेले. मार्च उजाडला की तेच प्रश्न फोनवर, व्हॉट्सॲपवर, उपासनेनंतरच्या चहाला येतात. पोरांचे वेगळे, त्यांच्या आयांचे वेगळे. यंदा म्हटलं, एकदाच बसून लिहून काढू.

ही शिबिरं भरतात कुठे?

आम्ही जातो तो भाग म्हणजे ॲलिस स्प्रिंग्सच्या आसपासचं वाळवंट आणि त्याच्या दक्षिणेचा अनांगू लोकांचा मुलूख. या मुलखाला एपीवाय (अनांगू पिट्जंट्जाट्जारा यांकुनिट्जाट्जारा) लँड्स म्हणतात. एक लाख चौरस किलोमीटरहून जास्त जमीन, आणि १९८१ च्या कायद्याने तिची मालकी अनांगूंचीच. ॲडलेड ते ॲलिस स्प्रिंग्स सुमारे दीड हजार किलोमीटर, म्हणजे मुंबईहून दिल्लीला जाऊन वर थोडं. वाटेत कूबर पीडीला मुक्काम. तिथे लोक उन्हापासून वाचायला जमिनीखाली घरं करून राहतात. नव्या पोरांची निम्मी हौस तिथेच फिटते. पुढे डांबरी सोडून कच्च्या रस्त्याला लागलं की गाडी अशी थरथरते की डब्यातल्या लाडवांचा चुरमा होतो. खरंच झाला होता, पहिल्याच वर्षी.

उत्तरेला आर्नहेम लँडमध्येही शिबिरं होतात, पण तिथलं गणित निराळं. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाने रस्ते बंद, आणि पाण्यात मगरी. समुद्र निळाशार दिसला तरी पाय बुडवायचा नाही.

त्यांना ‘आदिवासी’ म्हणायचं का?

मराठीत बोलताना मी म्हणते, त्यात वावगं काही नाही. पण समोर असताना ज्याचं त्याचं नाव वापरा. पिट्जंट्जाट्जारा बोलणारे स्वतःला अनांगू म्हणतात, युएन्डुमू वस्तीचे लोक वार्लपिरी, हर्मन्सबर्गचे अरंडा, आर्नहेम लँडचे योल्नू. भाषाही तितक्याच वेगळ्या. वार्लपिरी आणि योल्नू यांना एका दावणीला बांधणं म्हणजे मराठी आणि मल्याळी एकच म्हणण्यासारखं.

म्हणजे आपण तिथे सुवार्ता सांगायला जातो ना?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी माझी थोडी चिडचिड होते. अहो, हर्मन्सबर्गला जर्मन लूथरन मिशनरी १८७७ मध्येच पोचले. एपीवायमधल्या पुकात्जाला, म्हणजे जुन्या अर्नाबेलाला, प्रेस्बिटेरियन मिशन १९३७ मध्ये सुरू झालं, आणि तिथे येणाऱ्या गोऱ्या माणसाने आधी अनांगूंची भाषा शिकायची असा दंडक होता. हर्मन्सबर्गच्या आज्या जर्मन चालींची गीतं आपल्या भाषेत चार सुरांत गातात. २०१५ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातल्या बायकांचा गायकवृंद जर्मनीला गेला आणि त्याच चाली तिथल्या चर्चमध्ये गाऊन आला. जर्मन लोक म्हणे ऐकतच राहिले.

तिथलं पेटलेपण बाहेरून आणलेलं नाही. १९७९ च्या मार्चमध्ये आर्नहेम लँडजवळच्या एल्को बेटावर गालिविंकू इथे पाळक जिनियिनी गोंडारा यांच्या घरी लोक प्रार्थनेला जमले आणि तिथून जे संजीवन, म्हणजे श्रद्धेची नवी लाट, सुरू झालं ते दोन-तीन वर्षांत पार पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पोचलं. पोचवणारे आदिवासी तरुण आणि म्हातारेच होते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेलं संजीवन ज्यांच्या घरात अजून सांगितलं जातं त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आणि शास्त्राचं म्हणाल, तर क्रियोल, म्हणजे उत्तरेकडच्या आदिवासींची इंग्रजीतून घडलेली भाषा, तिच्यातलं संपूर्ण बायबल २००७ मध्ये आलं. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या भाषेतलं ते पहिलं पूर्ण बायबल. क्रियोलला कित्येक वर्षं ‘मोडकं इंग्रजी’ म्हणून हिणवलं गेलं होतं. पंडिता रमाबाईंनी साध्या बायांना कळेल अशा मराठीत आणलेलं, त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये छापलेलं बायबल आठवा. कुणाच्या तोंडची भाषा देवाच्या कामाला चालते, हा वाद आपल्या घरातलाही आहेच.

तर आपण सांगायला जात नाही. बोलावलंय म्हणून जातो, आणि बोलावणारी मंडळी तीन-चार पिढ्यांची ख्रिस्ती आहेत.

मग आपलं काम काय?

कांदे चिरणं. हसू नका. ऐंशी-नव्वद पोरांचं दोन वेळचं जेवण, लाकडं गोळा करणं, पाण्याच्या टाक्या भरून आणणं, गाडी चालवणं, जनरेटर रुसला की त्याची मनधरणी, शौचालयाचे खड्डे, शेवटच्या दिवशी कचरा. मधल्या वेळात पोरांबरोबर फुटी खेळणं. फुटी म्हणजे तो लंबगोल चेंडूचा खेळ. तिथली दहा वर्षांची पोरगी तुम्हाला अनवाणी पायांनी हरवते.

शिकवणं, प्रार्थना, गोष्टी, पोरांना दटावणं हे सगळं तिथले वडीलधारे करतात. ‘तू दोन शब्द बोल’ असं त्यांनी म्हटलं तर बोला, आणि दोनच बोला.

आणखी एक. काही ठरवताना ‘असं करू या ना?’ विचारलं की समोरून ‘हो’ येतं. ते ‘हो’ लगेच खरं धरू नका. पाहुण्याला नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून आलेलं असू शकतं, आपल्याकडे ‘बघू’ म्हणतात तसं. थोडं थांबा, गप्प बसा, उत्तर अर्ध्या तासानेही येतं. गप्प बसणं आम्हा मराठी माणसांना अंमळ जड जातं.

शिबिराचा दिवस कसा असतो?

पहिल्या वर्षी आम्ही ॲडलेडलाच वेळापत्रक छापून, प्लास्टिकमध्ये घालून नेलं होतं. नऊ वाजता बायबल अभ्यास, दहाला गटचर्चा. नऊला कोरड्या नदीच्या पात्रात आम्ही चौघे आणि एक कुत्रा. साडेअकराला एक ट्रूपी आली. ट्रूपी म्हणजे टोयोटाची ती उंच, लांबोडकी गाडी. आतून चौदा माणसं, तीन गाद्या आणि कांगारूच्या शेपट्यांची पिशवी उतरली, आणि शिबिर सुरू झालं. ते वेळापत्रक दुसऱ्या दिवशी चूल पेटवताना वारा घालायला कामी आलं.

मला त्या दिवसांतली एक गोष्ट डोळ्यांसमोर जशीच्या तशी आहे. दुपारी एक आजी वाळूत बसली. तळहाताने वाळू सपाट केली, वाकवलेली तार हातात घेतली आणि ठक-ठक-ठक ताल धरला. ताल धरता धरता बोटांनी खुणा काढायला लागली. इंग्रजी यू अक्षरासारखी खूण म्हणजे बसलेलं माणूस. एक मोठा यू, बाजूला दोन लहान. मग एका लहान यूपासून लांब रेघ, दूरवर, तिच्या गुडघ्यापर्यंत. तिथे बरीच वर्तुळं. मग हाताने सगळं पुसलं. पुन्हा ठक-ठक. आता तो यू एकटाच, भोवती डुकरांचे माग. उधळ्या पुत्राची गोष्ट होती ती. मला भाषेतला एक शब्द कळत नव्हता, आणि गोष्ट पूर्ण कळली. बाप धावत निघाला तेव्हा तिने रेघ काढली नाही, वाळूत दोन बोटं भराभर चालवली. पोरं खिदळली. म्हातारा बाप धावतोय म्हणून. वाळूत अशी गोष्ट सांगायची रीत तिथल्या मुली लहानपणापासून खेळत खेळत शिकतात.

रात्री शेकोट्या आणि गाणी. इलेक्ट्रिक गिटार, कीबोर्ड, एक खरखरणारा स्पीकर. एकच गीत वीस वेळा म्हटलं जातं. अकरा-बारा वाजले तरी कुणी उठत नाही. पोरं ब्लँकेटात, कुत्र्यांना बिलगून झोपलेली. वार्लपिरी ख्रिस्ती लोकांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस नाताळ आणि ईस्टरच्या कथा आपल्या पुर्लपा नाचात बसवल्या, अंग रंगवून, पावलं आपटत. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताला कीर्तनात आणलं तेव्हा नाकं मुरडणारे होते, इथेही होते. मला विचाराल तर दोन्हीकडे नाकं मुरडणारे चुकले.

मिशनऱ्यांनी तिथे मुलं पळवली असं वाचलं. मग लोक आपल्याला येऊ कसे देतात?

वाचलंत ते खरं आहे. विसाव्या शतकात, साधारण १९१० ते १९७० या काळात, सरकारी धोरणाने आदिवासी मुलं, त्यातही मिश्र रक्ताची, आईबापांपासून तोडून संस्थांत आणि गोऱ्या घरांत ठेवली गेली. त्यातल्या कितीतरी संस्था चर्च आणि मिशन चालवत होती. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालात ते सगळं आलं आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. पुढे २०१३ ते २०१७ या काळात संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचारांची चौकशी करणारा रॉयल कमिशन बसला. त्यातही चर्चचं नाव वारंवार आलं.

त्याच वेळी मिशनने भाषा लिहून ठेवल्या, दवाखाने चालवले, गुरांच्या मालकांच्या बंदुकांपासून आसरा दिला, असंही तिथलीच माणसं सांगतात. एकच आजी सकाळी मिशनच्या वसतिगृहातला मार सांगते आणि रात्री तिथेच शिकलेलं गीत डोळे मिटून गाते. हे दोन्ही कसं जमतं असं मी तिला विचारलेलं नाही. तो माझा प्रश्न नाही.

पण याचा शिबिरावर थेट परिणाम होतो, तो लक्षात ठेवा. बाहेरची गाडी वस्तीवर आली आणि पोरांना बसवून निघाली, हे चित्र तिथल्या म्हाताऱ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून आमचा नियम सरळ आहे: गाडीत आजी, मावशी किंवा मामा नसेल तर गाडी निघत नाही. जागा कमी पडली तर आपला माणूस उतरतो, आजी नाही. आणि आईबापांच्या संमतीशिवाय एकही पोर नाही, मग ते कितीही मागे लागलेलं असो.

कुठले कागद लागतात?

दोन. पहिला, मुलांसोबत काम करण्याचा परवाना. नॉर्दर्न टेरिटरीत (ॲलिस स्प्रिंग्स तिथेच) त्याला ओकर कार्ड म्हणतात, दक्षिण ऑस्ट्रेलियाचा, म्हणजे एपीवायसाठीचा, वेगळा. राज्याची हद्द ओलांडली की कागद बदलतो, त्यामुळे दोन्हीकडे जाणार असाल तर दोन्ही काढा. दुसरा, जमिनीवर पाऊल ठेवण्याचा परवाना. १९७६ च्या जमीनहक्क कायद्याने टेरिटरीतल्या मोठ्या भागाची मालकी आदिवासींकडे आली. मध्य भागासाठी सेंट्रल लँड कौन्सिल, उत्तरेसाठी नॉर्दर्न लँड कौन्सिल, एपीवायसाठी त्यांचं स्वतःचं कार्यालय. कागद हातात येईपर्यंत आठवडे जातात. एप्रिलमध्ये अर्ज करा. जूनमध्ये मला फोन करून रडू नका.

एक गोष्ट कागदाबाहेरची: टेरिटरीत मुलाला इजा किंवा अत्याचार होत असल्याची रास्त शंका आली तर कळवणं हे प्रत्येक प्रौढावर कायद्याने बंधन आहे. शिक्षक-डॉक्टरांवरच नव्हे, कांदे चिरणाऱ्यावरही. ‘आपल्याला काय करायचंय’ हे तिथे चालत नाही.

भारतातून थेट शिबिराला येता येईल का?

नका येऊ. आधी इथे कुणाकडे तरी राहा, एखाद्या मंडळीत रुळा. आठवडाभर विमानाने येऊन जाणाऱ्या पाहुण्यांना वस्त्यांवर ‘सीगल’ म्हणतात. तो पक्षी काय करतो ते चौपाटीवर ज्यांच्या डोक्यावर घडलंय त्यांना ठाऊक आहे.

नात्यांचे नियम फार कडक असतात म्हणे. चूक झाली तर?

होणार. माझी झाली. तीन पायांच्या शर्यतीत मी एका चौदा वर्षांच्या मुलीचा पाय शेजारच्या मुलाच्या पायाला बांधला. मुलीने ओढणीसारखा जॅकेट तोंडावर ओढून घेतला आणि ‘शेम, शेम’ म्हणत खाली बसली. तिथल्या इंग्रजीत शेम म्हणजे लाज, पण आपल्या ‘मेल्याहून मेल्यासारखं’ इतकी गहिरी. तो मुलगा नात्याने तिचा भाऊ होता. वयात आलेल्या बहीण-भावाने अंगाला अंग लावायचं नाही, एकमेकांची थट्टा करायची नाही. सासू आणि जावयाचं तर विचारूच नका, एकमेकांकडे बघणंसुद्धा टाळतात. सासू म्हणजे फक्त बायकोची आई नव्हे. नात्याच्या हिशोबाने दहा वर्षांची मुलगीसुद्धा कुणाची तरी ‘सासू’ लागू शकते.

हिशोब असा. वार्लपिरींमध्ये आठ गट, प्रत्येकात बाईचं आणि पुरुषाचं नाव निराळं. पुरुषांची नावं ज ने, बायकांची न ने सुरू: जकामारा-नकामारा, जुपुरुला-नपुरुला, जंगला-नंगला. जकामाराची मुलं जुपुरुला आणि नपुरुला, आणि जुपुरुलाची मुलं पुन्हा जकामारा आणि नकामारा. म्हणजे आजोबा आणि नातू एका नावाचे. कुणाचं लग्न कुणाशी, कुणी कुणाच्या ताटातलं खायचं, कोण कुणाला रागवू शकतं, सगळं त्यावरून ठरतं. गोत्र आणि देवक ठाऊक असलेल्या माणसाला हे लवकर उमगतं, आमच्या गटातल्या इथे जन्मलेल्या पोरांपेक्षा त्यांच्या आयांना आधी उमगलं.

म्हणून गट आपण पाडायचेच नाहीत. तिथल्या मावशीला सांगायचं, ती दोन मिनिटांत पाडते.

शिबिर ऐनवेळी रद्द होतं, हे खरं का?

खरं. आमची चारातली एक वारी अर्ध्यावरून परत आली आणि एकदा शिबिर चार दिवस पुढे गेलं. वस्तीवर मृत्यू झाला की ‘सॉरी बिझनेस’ सुरू होतो. दूरदूरची माणसं येतात, घर सोडलं जातं, बाकी सगळं थांबतं. त्यावर कुरकुर करायची नाही, तिकिटाचे पैसे गेले तरी.

आणि गेलेल्या माणसाचं नाव उच्चारायचं नाही. त्याच नावाचं दुसरं कुणी असेल तर त्यालाही मध्य ऑस्ट्रेलियात ‘कुमंजयी’ म्हणतात. ऐकायला आपल्या मावसभावाचं नाव वाटतं. एका वर्षी गटातल्या मुलीचं नाव तिथे नुकत्याच गेलेल्या बाईशी जुळलं आणि ती आठवडाभर कुमंजयी होती. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून उखाणे रचणाऱ्या आज्यांच्या नातीने याचं नवल करू नये, असं मी तिला म्हटलं.

दारू, नशा, मारामाऱ्या... पोरांना पाठवणं सुरक्षित आहे का?

बहुतेक वस्त्यांवर दारूबंदी आहे, आणि ती बाहेरच्यांनाही लागू. गाडीत बिअरची एक बाटली सापडली तरी गुन्हा. सामान भरताना दोनदा तपासा, खासकरून जावईबापूंची पिशवी.

त्रास आहेतच. भांडणं होतात, तेव्हा आपण मधे पडायचं नाही, पोरांना घेऊन बाजूला व्हायचं. पण टीव्हीवर फक्त तेवढंच दिसतं, म्हणून एक सांगते. १९९० च्या दशकात युएन्डुमूची पोरं पेट्रोल हुंगून वाया चालली होती. १९९४ मध्ये वार्लपिरी वडीलधाऱ्यांनीच त्यांना उचलून दीडेकशे किलोमीटर दूर माउंट थिओला आपल्या जमिनीवर नेऊन ठेवलं, शिकार शिकवली, पेट्रोल सुटेपर्यंत सोबत राहिले. पुढे २००५ पासून न हुंगण्याजोगं ओपल पेट्रोल आलं आणि त्याने मोठा फरक पडला. पण वस्तीने त्याची वाट पाहिली नव्हती. माउंट थिओ हे चर्चचं काम नव्हे. तरी शिबिर कसं चालवावं हे मला तिथल्या गोष्टी ऐकून जास्त कळलं.

शाकाहारी माणसाचं कसं होणार?

होतं कसंबसं. डँपर नावाची निखाऱ्यातली जाड भाकरी, बटाटे, डबाबंद बीन्स. भाजी वस्तीच्या दुकानात मिळते पण शहराच्या मानाने फार महाग, म्हणून ॲलिस स्प्रिंग्सलाच भरून घ्या. मसूर आणि मसाला जरूर न्या. आमच्या वरणाला तिथे ‘यलो सूप’ म्हणतात आणि पातेलं रिकामं होतं. कांगारूची शेपटी मी खाल्ली. चिवट आणि तेलकट, गोडसर. पुन्हा खाईन की नाही सांगता येत नाही.

सामान काय घ्यायचं?

थंडीचं. ‘वाळवंट’ म्हटलं की लोक टोपी आणि सनस्क्रीन आणतात. जुलैत रात्री पारा शून्याखाली जातो. स्वॅग, म्हणजे कॅनव्हासची गुंडाळी गादी, उसनी मिळते. तिच्यात जाड स्लीपिंग बॅग हवी. सैल, गुडघ्याखालचे कपडे. साबण भरपूर. त्वचेच्या आणि घशाच्या संसर्गातून होणारा संधिवाती हृदयरोग तिथल्या पोरांत फार आहे, त्यामुळे जेवणाआधी हात-तोंड धुण्याची रांग हा शिबिरातला सगळ्यात महत्त्वाचा कार्यक्रम समजा. जुने कपडे वाटायला आणू नका.

फोटो?

पोरांचे फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत. बस्स. तिथल्या मंडळीने सांगितलं तर त्यांच्या फोनमधून त्यांचे काढून द्या.

कुत्रे चावतात का?

‘चीकी डॉग’ असं कुणी म्हणालं तर गोड कुत्रा समजून हात पुढे करू नका. तिथल्या इंग्रजीत चीकी म्हणजे चावरा. माझ्या पोटरीवर खूण आहे.

मुलीचा फोन लागेल का? आम्हाला काळजी वाटते.

टेल्स्ट्राचं कार्ड असेल तर वस्तीत लागतो, नदीच्या पात्रात नाही. बाकी कंपन्यांचे फोन घड्याळ म्हणून वापरायचे. गाडीत सॅटेलाइट फोन असतो, पण तो अडीअडचणीसाठी; ‘जेवलीस का’ विचारायला नाही. गेल्या वर्षी एका आईने तो नंबर कुठून तरी मिळवला आणि रात्री साडेदहाला फोन केला. गाणी चालू होती. मुलगी सापडेना, तेव्हा फोन एका आजीकडे गेला. दोघी पाच मिनिटं बोलल्या, एक मराठीत, एक पिट्जंट्जाट्जारात. काय बोलल्या ते दोघींनाच ठाऊक. त्या आईचा नंतर फोन आला नाही, आणि मुलगी यंदाही येतेय.